देशाचं गाणं कोण निवडतं?

(वणी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



२० सप्टेंबर २०२५ च्या रात्री मॉस्कोच्या सीमेवरच्या एका भल्यामोठ्या सभागृहात 'इंटरव्हिजन' ही आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा झाली. २२ देशांचे गायक मंचावर आले आणि त्यांत भारतही होता. रौहान मलिक या तरुण गायकानं 'इश्क' हे गाणं सादर केलं. पहिला नंबर व्हिएतनामच्या डुक फुकचा आला. त्यानं तिथल्या एका दंतकथेतल्या वीर बालकाचं गाणं म्हटलं, लोखंडी घोड्यावर बसून आक्रमकांना पिटाळून लावणाऱ्या पोराचं, आणि तीन कोटी रुबलचं बक्षीस घेतलं. किर्गिझस्तान दुसरा आला, कतार तिसरा. आपण पहिल्या तिनांत नव्हतो, त्याचं फारसं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. गायकाबद्दलही माझी काही तक्रार नाही. परक्या मुलखात, हजारो लोकांपुढे उभं राहून गाणं ही सोपी गोष्ट नव्हे. मला खटकते ती गोष्ट त्याच्या आधीची आहे. भारताच्या नावानं एक गाणं परदेशी गेलं आणि ते जाण्यापूर्वी भारतात त्याच्यावरून कुणी कुणाशी वाद घातला नाही. दूरदर्शनवर फेरी झाली नाही, प्रेक्षकांचं मत कुणी विचारलं नाही, हेच का आणि ते का नाही, असं म्हणायची संधी कुणाला मिळाली नाही. आज मला एवढंच मांडायचं आहे, की अशा स्पर्धेतला देशाचा सहभाग मॉस्कोत किंवा दुसऱ्या कुठल्या यजमान शहरात घडत नसतो. तो घरी घडतो, गाणं निवडताना. ती निवड झालीच नसेल, तर गायक जातो, देश जात नाही.

या स्पर्धांची घडण पाहिली की मुद्दा स्पष्ट होतो. इटलीत सानरेमोचा गीतमहोत्सव १९५१ पासून भरतो. त्याचा धडा घेऊन युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघानं १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला पहिली युरोव्हिजन भरवली, तेव्हा अवघे सात देश होते. म्हणजे आधी घरचा फड होता, मग आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिथे गाणं पाठवतं ते सरकार नव्हे, तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था पाठवते. स्वीडनमध्ये या निवडीच्या फेऱ्या सहा-सहा शनिवार चालतात आणि देश त्यासाठी टीव्हीसमोर बसतो. बाहेरची स्पर्धा त्या मानानं दोन-चार रात्रींत आटोपते. निकाल विसरले जातात. घरच्या फेऱ्यांत जे गाणं लोकांच्या कानात बसलं, ते मात्र राहतं.

याचा सगळ्यात लखलखीत दाखला पोर्तुगालचा आहे. ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन झाली. स्वीडनचा 'आबा' हा गट जिंकला, हे जगाला माहीत आहे. पोर्तुगालच्या पाऊलो द कार्व्हाल्योला तीन गुण मिळाले आणि तो तळाशी, आणखी तीन देशांच्या बरोबरीनं राहिला. गाणं विरहाचं, साधंसरळ प्रेमगीत. पण देशांतर्गत महोत्सवातून निवडून आल्यामुळे ते घरोघर माहीत झालेलं होतं. अठरा दिवसांनी, २४ एप्रिलला रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना, लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रानं ते गाणं लावलं. हुकूमशाहीविरुद्ध उठाव करायला निघालेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी ती पहिली खूण होती. सगळ्यांच्या ओठांवरचं गाणं रेडिओवर लागलं तर कुणाला संशय येणार? दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस वर्षांची राजवट कोसळली. स्पर्धेत तळाला गेलेलं गाणं असं इतिहासात जाऊन बसलं. त्याला ती जागा ब्रायटनच्या परीक्षकांनी दिली नाही. ते आधीच लोकांचं झालेलं होतं, म्हणून ती मिळाली.

आता नॉर्वेकडे वळू, कारण ते उदाहरण वणीच्या परिसराला अधिक जवळचं आहे. नॉर्वेच्या उत्तरेला सामी नावाचे मूळनिवासी राहतात, रेनडिअर पाळणारे. १९७०च्या दशकाच्या अखेरीला त्यांच्या भागातल्या आल्टा नदीवर जलविद्युत प्रकल्प येऊ घातला. सामी तरुण राजधानी ऑस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषणाला बसले. पुढच्याच वर्षी, १९८० साली, नॉर्वेनं युरोव्हिजनला जे गाणं पाठवलं त्यात सामींचा 'योईक' होता, म्हणजे शब्दांपेक्षा स्वरांवर चालणारं त्यांचं परंपरागत गायन. मात्तिस हेत्ता हा सामी गायक आपल्या पारंपरिक वेशात मंचावर आला. एकोणीस देशांत नंबर लागला सोळावा. पण ज्या समाजाची भाषा शाळेतून हद्दपार करण्याचा उद्योग त्या राष्ट्रानं अनेक पिढ्या केला होता, त्याच समाजाचा आवाज त्या राष्ट्राच्या नावानं गेला. हे कुणा मंत्र्याच्या औदार्यानं झालं नाही. देशांतर्गत स्पर्धा खुली होती, गाणं तिथे उतरलं आणि जिंकलं. फ्रान्सनं १९९६ साली ब्रेटन भाषेतलं गाणं पाठवलं, स्वित्झर्लंडनं १९८९ साली रोमान्श भाषेतलं, एस्टोनियानं २००४ साली व्होरो या आपल्या आग्नेय कोपऱ्यातल्या बोलीतलं. या भाषा बोलणारी माणसं आपल्या एखाद्या जिल्ह्याइतकीही भरणार नाहीत.

आपल्या दिंडोरी, कळवण, पेठ, सुरगाण्याच्या पट्ट्यात कोकणा समाजाचं थाळगान आहे. काशाची थाळी घ्यायची, तिच्या मधोमध मेणानं एक लांब काडी उभी चिकटवायची आणि त्या काडीवरून बोटांची चिमूट वरून खाली ओढत न्यायची. थाळी घुमू लागते. त्या घुमण्यावर कथेकरी रात्रभर कथा लावतो. रामकथासुद्धा लावतो, पण ती त्याच्या पद्धतीची, त्याच्या डोंगरांतली. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते ती वेगळीच. चैत्रात सप्तशृंगी देवीच्या गडावर पायी येणाऱ्या खानदेशातल्या माणसांच्या तोंडी अहिराणी गाणी असतात. यांतलं काहीही भारताच्या नावानं परदेशी मंचावर कधी जाईल, असं आज कुणी स्वप्नातही आणत नाही. गुणवत्ता नाही म्हणून नव्हे. त्याला जिथे उतरता येईल असा फडच नाही म्हणून.

यावर पहिला आक्षेप जाणत्यांकडून येईल, आणि तो मी हलक्यात घेत नाही. रात्रभर चालणारी कथा तीन मिनिटांत कोंबली तर तिचं काय उरणार? युरोव्हिजनचा नियम खरंच तीन मिनिटांचा आहे आणि मंचावर सहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. थाळगान तिथे जसंच्या तसं जाणार नाही, हे उघड आहे. पण काळाची कात्री आपल्या संगीताला नवी नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. त्या मापात अब्दुल करीम खाँसाहेबांनी ठुमऱ्या गायल्या, नाट्यपदं बसली, आणि १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांच्यासारख्या गायकांच्या तबकड्यांमधून मराठी भावगीत नावाचा अख्खा प्रकार उभा राहिला. बैठकीतलं गाणं त्यामुळे मेलं नाही. त्याच्या शेजारी एक नवी चीज जन्माला आली. योईकचंही तेच झालं. त्या गाण्यात तो काही क्षणांपुरता आला, पण उत्तरेच्या पठारावर तो आजही आपल्या गतीनंच चालतो. नुकसान होतं ते वेगळ्या रीतीनं: तीन मिनिटांचं रूप कुणी दुसऱ्यानं ठरवलं आणि कथेकऱ्याला नुसतं शोभेला उभं केलं, तर. ज्याचं गाणं आहे त्यानं स्वतः कात्री चालवली पाहिजे. म्हणून फड खुला हवा, म्हणून निवड उघड हवी.

दुसरा आक्षेप: कला ही काय शर्यत आहे? असं म्हणणाऱ्यांना आपलीच परंपरा ठाऊक नसते. कलगी-तुऱ्याचे फड महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रंगले. कलगीवाले शक्तीची बाजू घेत, तुरेवाले शिवाची. एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं रात्र संपायच्या आत ते पद्यात सोडवायचं. समोर बसलेला श्रोता दोन्ही बाजू तोलत असे. (सप्तशृंगीच्या पायथ्याशी कौल कुठल्या बाजूला जाईल, हे विचारायला नको.) त्या चढाओढीनं शाहिरांना पुराणं वाचायला लावली, रचना घट्ट करायला लावली. अलीकडचं उदाहरण हवं तर २००८-०९ सालचं मराठी 'सारेगमप'चं लिटिल चॅम्प्सचं पर्व घ्या. मोबाइलवरून मतं देणाऱ्या लोकांवर सुशिक्षितांनी त्या वेळी पुष्कळ तोंडसुख घेतलं. आपापल्या जिल्ह्याच्या मुलाला मतं पडतात, असं म्हटलं गेलं, आणि त्यात तथ्यही होतं. तरी शेवटी जिंकली ती आळंदीची, अभंग आणि गौळणी गाणारी कार्तिकी गायकवाड. चित्रपटगीतांच्या त्या बाजारात अभंगाला एवढी मतं पडतील असा अंदाज किती जाणकारांनी बांधला होता?

आता खरा अवघड आक्षेप. आठव्या अनुसूचीत २२ भाषा, त्यापलीकडे शेकडो बोली, अशा देशाचं एक गाणं असू शकतं का? निवड घेतली तर हिंदी जिंकेल, नाहीतर जिथे माणसं जास्त तिथलं गाणं जिंकेल आणि मराठीच्या वाट्याला पुन्हा कपाळावर हात मारणंच येईल. ही भीती रास्त आहे. तिच्यावरचं आपलं नेहमीचं उत्तर म्हणजे १९८८ साली दूरदर्शनवर आलेलं 'मिले सुर मेरा तुम्हारा'. पंडित भीमसेन जोशींच्या आवाजानं सुरू होणारी ती चित्रफीत सुंदर होती, आजही आहे. पण तिच्यात प्रत्येक भाषेच्या वाट्याला एक-एक ओळ येते, पूर्ण गाणं एकाही भाषेला मिळत नाही. प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथांची मिरवणूक आपण गाण्यातही आणली. सगळ्यांना सामावून घेतल्याचं समाधान मिळतं आणि कुणाला निवडण्याची जबाबदारी टळते.

निवडण्याचे मार्ग इतरांनी शोधून ठेवलेले आहेत. बेल्जियममध्ये फ्रेंच बोलणारे आणि फ्लेमिश बोलणारे यांचं एकमेकांशी फारसं जमत नाही. त्यांच्या प्रसारण संस्थाही वेगळ्या आहेत. तिथे एक वर्ष फ्रेंच संस्था गाणं पाठवते, पुढचं वर्ष फ्लेमिश संस्था. भांडण मिटलेलं नाही, पण पाळी ठरलेली आहे. मतांच्या संख्येचा प्रश्न तर युरोव्हिजननं सुरुवातीपासूनच ओळखला होता. पाच-सहा लाख वस्तीचा माल्टा आणि आठ कोटींचा जर्मनी यांच्या हातात गुण सारखेच असतात, आणि आपल्याच देशाला गुण देता येत नाहीत. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना वर्षानुवर्षं भरभरून गुण देत आले, त्याची थट्टाही होते. म्हणूनच २००९ पासून अंतिम फेरीत प्रेक्षकांच्या मतांबरोबर जाणकार परीक्षकांचे गुणही मोजू लागले. आपल्याकडे हे जसंच्या तसं उतरवता येईल. प्रत्येक भाषिक विभागाच्या हातात सारखेच गुण, आणि स्वतःच्या भाषेला मत द्यायचं नाही. मग मराठी गाण्याला आसाम, केरळ आणि पंजाबमधून मतं मिळवावी लागतील. अवघड आहे, पण मॉस्कोत व्हिएतनामी गाण्यानं दुसरं काय केलं?

मराठी कलाकृतीला देशाचं नाव मिळूच शकत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी चित्रपटांकडे पाहावं. ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड म्हणून २००४ साली 'श्वास' गेला, २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', २०१५ साली 'कोर्ट'. हिंदीच्या शेजारी, हिंदीच्या तुलनेत चिल्लर पैशांत काढलेले हे चित्रपट पुढे कसे गेले? कारण फिल्म फेडरेशनची निवड समिती नावाची एक जागा होती, जिथे त्यांची बाजू मांडली जाऊ शकत होती. ती समिती आदर्श आहे असं मी म्हणत नाही. दरवर्षी तिच्यावर टीका होते आणि बऱ्याचदा ती योग्यही असते. पण टीका करायला समोर कुणीतरी आहे. 'श्वास'च्या वेळी तर लोकांनी वर्गणी काढली, कारण निवड झाल्यावर तो चित्रपट आपला वाटला. मॉस्कोला गेलेल्या गाण्यासाठी नाशिक जिल्ह्यात कुणी एक रुपया काढला असता का? काढायचा तर ते गाणं आधी ठाऊक तर हवं.

इथे एक हुशार प्रतिवाद होऊ शकतो. 'नाटू नाटू'चं काय? २०२३ साली त्या तेलुगू गाण्यानं ऑस्कर मिळवलं आणि त्या वर्षीची भारताची अधिकृत निवड दुसराच, 'छेल्लो शो' हा गुजराती चित्रपट होता. म्हणजे अधिकृत समितीवाचून गाणं गेलं आणि जिंकलंही. मग हा सगळा खटाटोप कशाला? उदाहरण खरं आहे, पण त्यातून निघणारा अर्थ उलटा आहे. 'नाटू नाटू' आपल्या बळावर गेलं याचा अर्थ त्याच्या पाठीशी शेकडो कोटींचा चित्रपट होता, अमेरिकेतले वितरक होते, प्रचाराची यंत्रणा होती. ज्याच्यामागे हे सगळं आहे त्याला देशाच्या शिक्क्याची गरज नसते. थाळी घुमवणाऱ्या कथेकऱ्याला असते. सार्वजनिक निवडीची तरतूद करायची ती बलवानासाठी नव्हे.

राजकारणाचा प्रश्न टाळता येणार नाही. इंटरव्हिजन ही मुळात शीतयुद्धाच्या काळातली साम्यवादी गोटाची स्पर्धा. १९६५ पासून काही वर्षं ती चेकोस्लोव्हाकियात झाली, पुढे १९७७ ते १९८० पोलंडमधल्या सोपोटला. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ साली रशियाला युरोव्हिजनमधून बाहेर ठेवलं गेलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या फर्मानानं इंटरव्हिजन पुन्हा उभी राहिली. अशा ठिकाणी भारतानं जावं का? जावं म्हणणाऱ्यांची बाजू आहे, जाऊ नये म्हणणाऱ्यांचीही आहे. पण युरोव्हिजन काही सोवळ्यातली नाही. २०२६ च्या व्हिएन्नाच्या स्पर्धेत इस्रायल राहणार म्हटल्यावर स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांच्या प्रसारण संस्थांनी माघार घेतली. त्यांचं बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. पाहण्याजोगी गोष्ट ही, की त्या संस्थांनी कारणं देऊन, नाव लावून, आपल्या प्रेक्षकांसमोर निर्णय जाहीर केला, आणि ज्यांना तो पटला नाही त्यांनी त्यांना धारेवर धरलं. आपण मॉस्कोला गेलो तो निर्णय कुणी, कुठल्या कारणांनी घेतला, याची चर्चा इथल्या श्रोत्यांपुढे झाली नाही. जाणं आणि न जाणं या दोन्हींना अर्थ येतो तो कुणीतरी उत्तर द्यायला बांधील असलं तरच.

मग हे काम कुणी करायचं? माझं उत्तर आहे, प्रसार भारतीनं. यावर सभागृहात हशा पिकणार, हे मला माहीत आहे. आकाशवाणी-दूरदर्शनचा इतिहास काही एकरंगी नाही. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हटली. श्रोते काय शास्त्रीय संगीताकडे वळले? ते रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींच्या 'बिनाका गीतमाले'कडे, जिथे गाण्यांचे क्रमांक लागत आणि देशभर त्यावर वाद झडत. आकाशवाणीला १९५७ साली विविध भारती काढून श्रोत्यांची समजूत घालावी लागली. पण त्याच केसकरांच्या कारकिर्दीत, १९५५ च्या रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. वर्षभराहून थोडा अधिक काळ, दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी. एकाच संस्थेनं, एकाच काळात, बंदी घालून श्रोते गमावले आणि नवं गाणं मागवून ते मिळवले. मला दुसरा अनुभव पुन्हा घ्यावासा वाटतो. भाषावार केंद्रं आजही प्रसार भारतीकडेच आहेत, खाजगी वाहिन्यांकडे नाहीत. नाशिकला आकाशवाणी आहे, मराठीसाठी सह्याद्री वाहिनी आहे. खाजगी वाहिनी हा कार्यक्रम जास्त झगमगाटात करील, यात शंका नाही. पण जाहिरातदार अहिराणीसाठी थांबणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर तो होतो. रोमानियाच्या प्रसारण संस्थेला २०१६ साली थकबाकीपायी युरोव्हिजनमधून बाहेर काढलं होतं, तेव्हा फुकटात काही नाही. परंतु प्राथमिक फेऱ्या रेडिओवर घेता येतात. जिल्हा केंद्रावर ध्वनिमुद्रण, विभागात निवड, मग दूरदर्शनवर अंतिम फेऱ्या. त्यासाठी लेझर आणि धूर सोडणारी यंत्रं लागत नाहीत. पहिल्या वर्षी गोंधळ होईल, निकालावरून कोर्टकचेरी होईल, मराठी गाणं विभागातच पडेल आणि आपण अन्याय झाला म्हणून अग्रलेख लिहू. चालेल. निदान कुठलं गाणं पडलं, कुणी पाडलं आणि त्याच्यापेक्षा चांगलं कुठलं होतं, हे आपल्याला ठाऊक असेल. पुढची इंटरव्हिजन सौदी अरेबियात होईल, असं मॉस्कोतच जाहीर झालेलं आहे. तिथे जायचं की नाही आणि जायचं तर काय घेऊन, हा प्रश्न खासदारांनी प्रसार भारतीला लेखी विचारावा, आणि तो विचारायला लावणारं पहिलं पत्र या तालुक्यातून गेलं तर हरकत नाही.